दाराजवळ बसणाऱ्याचें ‘आमेन’

(उपदेशक, शिक्षक, बायबलबाया व मंडळीचे पंच यांच्या अभ्यासवर्गाकरितां पाठ)

शास्त्रपाठ : १ करिंथ. ११:१७–३४ व १४:६–२५. सोबत वाचावें : प्रे. कृत्यें ६:१–७, गलती. २:११–१४, याकोब २:१–९.

मुख्य विचार : उपासना सर्वांची झाली कीं नाहीं हें पुढच्या बैठकीवरून न ठरवितां सर्वांत मागें बसलेल्या मनुष्यावरून ठरवावें.

रविवारीं सकाळीं आपल्या गांवच्या मंडळींत उपासनेस कोण कोण येतात हें एकदां शांतपणें पाहा. शाळामास्तर येतो, आणि अंगठा उठविणारी आजीही येते. स्वतःची चार एकर जमीन असणारा येतो, आणि दुसऱ्याच्या बांधावर रोजानें जाणाराही येतो. ज्यांचे वाडवडील एका पाणवठ्यावर पाणी भरूं शकत नव्हते अशीं कुळें आज एका छपराखालीं बसतात. ही प्रभूची मोठी कृपा आहे. परंतु एका छपराखालीं बसणें ही एक गोष्ट, आणि एकत्र उपासना करणें ही दुसरी गोष्ट. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली असें पुष्कळ मंडळ्या समजतात, व तेथेंच फसतात.

ह्या दोहोंतील अंतर ओळखण्याची खूण प्रेषित पौलानें सांगून ठेविली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चवदाव्या अध्यायांत, सोळाव्या वचनीं, तो एक साधा प्रश्न विचारितो. तुम्हीं सभेंत उत्तम उपकारस्तुति केली, पण जो अजाण मनुष्याच्या जागीं बसला आहे त्यास ती कळलीच नाहीं, तर त्यानें आमेन कसें म्हणावें? स्तुति वाईट होती असें पौल म्हणत नाहीं. ती चांगली होती हें तो सतराव्या वचनांत कबूल करितो. मात्र तिनें दुसऱ्याची उन्नति झाली नाहीं, हा त्याचा आक्षेप आहे.

आमेन हा शब्द इब्री आहे. जें बोललें गेलें तें खरें आहे, तसेंच होवो, असा त्याचा भाव. यहूदी सभास्थानांत एक जण प्रार्थना म्हणे, आणि लोक आमेन म्हणून ती प्रार्थना आपली करीत. म्हणून ज्याला आमेन म्हणतां आलें नाहीं तो उपासनेस हजर होता खरा, परंतु त्यानें उपासना केली नाहीं. आतां हें आमेन कशाकशानें अडतें, तें पाहूं.

१. करिंथ येथील मंडळी

जुनें करिंथ शहर रोमी सैन्यानें ख्रि. पू. १४६ मध्यें उद्ध्वस्त केलें होतें. ख्रि. पू. ४४ मध्यें जूलियस सीझर ह्यानें तें पुन्हां वसविलें, आणि दास्यांतून सुटलेले पुष्कळ लोक तेथें राहावयास आले. दोन समुद्रांच्या मधील त्या व्यापारी शहरांत नाना देशांचे लोक गोळा होत. पौल तेथें सुमारें इ. स. ५० मध्यें आला व दीड वर्ष राहिला (प्रे. कृत्यें १८:११). त्याच्या हातून जी मंडळी उभी राहिली तींत सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प होता, सबंध मंडळीस आपल्या घरीं जागा देणारा गायस होता, नगराचा खजिनदार एरास्त होता (रोम. १६:२३), आणि ज्यांचा दिवस त्यांच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता असे दासही होते (१ करिंथ. ७:२१). मोठ्या कुळाचे लोक मात्र थोडेच होते (१:२६).

ही मंडळी संध्याकाळीं एकत्र जेवी व त्यांतच प्रभुभोजन घेई. त्या काळीं रविवारची सुटी नव्हती. ती कॉन्स्टंटाइन बादशहानें इ. स. ३२१ मध्यें दिली. सुखवस्तु लोक वेळेवर येत, दास व मजूर काम आटोपून उशिरां येत. रोमी चालीच्या घरांत भोजनाच्या खोलींत तीन बैठकी असत व प्रत्येकीवर तिघे, म्हणजे एकंदर नऊ जण टेकून जेवीत. बाकीच्यांस बाहेरच्या चौकांत बसावें लागत असेल, असें अभ्यासक समजतात. शेवटीं कोणी भुकेला राही आणि कोणी मस्त होई (११:२१).

येथें पौलानें काय केलें, इकडे उपदेशकांनीं लक्ष द्यावें. त्यानें प्रीतीवर प्रवचन केलें, पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. तुम्ही जेवावयास जमतां तेव्हां एकमेकांची वाट पाहा, असा साधा व पाळतां येण्याजोगा नियम त्यानें घालून दिला (११:३३). ऐक्य हें मनांत असावें हें खरें. पण तें घड्याळांत व ताटांतही दिसावें लागतें.

२. बसण्याची जागा

यरुशलेमाच्या मंदिराच्या आवारांत एक आडभिंत असे. परदेशीयानें तिच्या आंत पाऊल घातल्यास त्याच्या मरणास तोच जबाबदार, अशा अर्थाचा ग्रीक लेख तेथें कोरलेला होता. त्या लेखाचा एक दगड इ. स. १८७१ मध्यें यरुशलेमांत सांपडला. प्रभूनें मधली आडभिंत पाडली असें पौल एफेसकरांस लिहितो (इफिस. २:१४), तेव्हां त्याच्या वाचकांपैकीं ज्यांनीं तें मंदिर पाहिलें होतें त्यांच्या डोळ्यांपुढें ही भिंत उभी राहिली असेल.

परंतु पाडलेली भिंत माणसें पुन्हां बांधितात. अंत्युखियाच्या मंडळींत कुप्राचा बर्णबा, नीगेर म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन व शौल असे निरनिराळ्या स्थितींतले पुढारी एकत्र सेवा करीत होते (प्रे. कृत्यें १३:१). अशा त्या मंडळींतही पेत्र परजातीयांच्या पंक्तींतून उठून वेगळा झाला, आणि पौलानें त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. पेत्राचा उपदेश बदलला नव्हता. त्याचें ताट तेवढें हललें होतें. तेवढ्यानेंही सुवार्तेच्या सत्यास बाध येतो, असें पौलानें मानिलें.

आपल्या देशांतही हें घडलें. दक्षिणेंत तंजावर व मद्रास येथील जुन्या मंडळ्यांत जातींप्रमाणें बैठकी वेगळ्या असत, आणि प्रभुभोजनासही स्वतःला उच्च म्हणविणारे आधीं व इतर मागाहून येत. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनीं इ. स. १८३३ मध्यें पत्र लिहून हा भेद समूळ सोडण्याची आज्ञा केली. त्यावरून पुष्कळ कुटुंबें मंडळी सोडून गेलीं. किंमत मोठी होती; तथापि जी पंगत वेगळी बसते ती प्रभूची पंगत नव्हे, हें त्या दिवसांपासून स्पष्ट बोललें गेलें.

आतां आपल्या घरांत पाहूं. भारताच्या राज्यघटनेनें इ. स. १९५० पासून अस्पृश्यता नाहींशी केली आहे. आपल्या देवळांत कोणी कोणास बाहेर बसवीत नाहीं. परंतु सोयरीक जुळवितांना, पंच निवडतांना, मयतास खांदा देतांना जुनें कुळ आठवतें कीं नाहीं? पूर्वीं महार असलेले इकडे व पूर्वीं मांग असलेले तिकडे, असें न सांगतांच बसणें होतें कीं नाहीं? याकोबानें सोन्याची अंगठी घातलेल्यास मिळणारें मानाचें आसन व दरिद्र्यास दाखविलेली पायांजवळची जागा ह्यांचें चित्र काढिलें आहे. तेथें कोणी दरिद्र्यास हाकून दिलें नव्हतें. त्याला फक्त जागा दाखविली होती. आणि याकोब त्यालाच पाप म्हणतो.

३. बोलण्याची भाषा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्या संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या. जड मराठी लिहिणें त्यांस मुळींच कठीण नव्हतें. तरी थोडेंसें शिकलेल्या स्त्रियांस व खेड्यांतील माणसांस वाचून कळावें म्हणून त्यांनीं केडगांव येथें राहून, इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या हें काम करीत होत्या, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागें इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध झाला. सोपें बोलणें म्हणजे ज्ञानाची उणीव, असें समजणाऱ्या उपदेशकानें हें उदाहरण जवळ ठेवावें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं गायनांत तेंच केलें. अभंग व भजन ह्यांच्या चालींत त्यांनीं प्रभूचें नांव गाइलें, म्हणून ज्यास अक्षर येत नाहीं तोही टाळ धरून तें गाऊं लागला.

उपदेशांतील एकच शब्द घेऊं. आपण ‘तारण’ म्हणतों, तेव्हां आपल्या मनांत प्रभूनें केलेली सुटका असते. पण ज्या बाईनें गेल्या महिन्यांत मुलीच्या दवाखान्यासाठीं गळ्यांतले मणी सोनाराकडे तारण ठेविले, तिला तो शब्द कसा ऐकूं येईल? तिला उलट अर्थ लागेल. तारण म्हणजे आपली वस्तु दुसऱ्याच्या हातीं अडकून पडणें, असेंच ती समजेल. मग शब्द टाकावा काय? टाकूं नये. तिच्याच अनुभवावरून उलगडावा. अडकलेली वस्तु दुसऱ्यानें स्वतःचें मोल देऊन सोडविली व आपल्या हातीं दिली, असें सांगावें. मग तिचें आमेन तोंडाबरोबर मनांतूनही येईल. ‘नीतिमत्त्व’, ‘प्रायश्चित्त’, ‘अनुग्रह’ हे शब्दही असेच उलगडावे लागतात.

दृष्टांतही तपासावे. पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगतांना उपदेशक बहुधा शेतमालकाशींच बोलतो. ज्याला एक गुंठाही नाहीं तो आपल्यास वगळलेलाच समजतो. देवाच्या पितृप्रेमाविषयीं बोलतांना हेंही ध्यानांत असावें कीं ऐकणाऱ्या पोरांपैकीं कित्येकांचा बाप रोज रात्रीं दारू पिऊन मारझोड करितो. त्या पोरांस आधीं बाप कसा असावा तें सांगावें लागतें.

नंदुरबार व धुळें जिल्ह्यांत भिल्ली, पावरी, मावची बोलणारीं कुटुंबें आहेत, पालघरकडे वारली बोलणारीं आहेत. तेथें शास्त्रपाठ मराठींत वाचावा, आणि लगेच त्यांच्यांतीलच एकानें तो आपल्या बोलींत सांगावा. प्रार्थना तर प्रत्येकानें आपल्या घरच्या बोलींतच करावी. पन्नासाव्या दिवशीं प्रत्येकानें आपापल्या जन्मभाषेंत देवाचीं महत्कृत्यें ऐकिलीं (प्रे. कृत्यें २:८–११), कोणाला आधीं दुसऱ्याची भाषा शीक असें सांगितलें गेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट. आपल्या उपासनेंत शेजारचे इतर धर्मांचे लोकही कधीं कधीं दाराशीं येऊन उभे राहतात. पौलास त्यांचीही आठवण होती (१४:२३–२५). त्यांच्या पूज्य गोष्टींची चेष्टा करून जो उपदेशक हंशा मिळवितो, तो त्यांचें आमेन होण्याआधींच मारितो. आपल्याजवळ जें आहे तें गोडीनें सांगावें, तेवढें पुरे.

४. वेळ व पंगत

बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास लाखों मजूर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत कोपींत राहतात. त्यांत आपल्याही मंडळ्यांतील माणसें असतात. टोळीस रविवार नसतो. गाडी भरावयाची वेळ मुकादम ठरवितो. उपासनेची वेळ पाहून कोणी ठरवीत नाहीं. ज्या गांवाजवळ अशी टोळी उतरली असेल तेथील मंडळीनें सकाळीं दहाची उपासना करून आपलें काम झालें असें समजूं नये. संध्याकाळीं चुली पेटल्यावर दोघांतिघांनीं कोपींकडे जावें. एक भजन, लहानसा पाठ व प्रार्थना एवढ्यानेंही मंडळी तेथें उभी राहते. आणि घरच्या मंडळीनें गेलेल्यांचीं नांवें दर रविवारीं प्रार्थनेंत घ्यावीं. एकमेकांची वाट पाहा, ह्या आज्ञेचा आपल्या देशांत हाच अर्थ होतो.

पंगतींत आणखी कोणाकोणास अडचण होते तेंही पाहावें. कुष्ठरोग झालेल्या भावाबहिणीस अजून कोठें कोठें प्रभुभोजनास शेवटीं बोलावितात, किंवा आपण होऊन ते मागें राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. १९८१ मध्यें सुचविलेल्या अनेक औषधांच्या एकत्र उपचारानें हा रोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर रोगी लवकरच दुसऱ्यास संसर्ग करण्याजोगा राहत नाहीं. म्हणून त्याला दूर ठेवण्यास आज वैद्यकाचाही आधार उरलेला नाहीं. प्रभूनें तर ज्या काळीं औषध नव्हतें त्या काळीं हात पुढें करून कुष्ठ्यास स्पर्श केला (मार्क १:४१). तसेंच कमी ऐकूं येणाऱ्यास उपदेशकाचें तोंड दिसेल असें पुढें बसवावें. पायानें अधू असणाऱ्यासाठीं दाराच्या पायरीशेजारीं मातीचा उतार करावा. ह्या कामास वर्गणी लागत नाहीं. एक टोपलें मुरूम व दोन माणसें लागतात.

५. सेवेंतील वांटा

यरुशलेमांतील मंडळींत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांस रोजच्या वांटणींत वगळलें जात होतें, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनीं कुरकुर दडपून टाकिली नाहीं. सात जण नेमिले गेले, आणि त्या सातांचीं नांवें पाहिलीं तर तीं सर्व ग्रीक आहेत. त्यांतील निकलाव तर मूळचा परजातीय होता (प्रे. कृत्यें ६:५). ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातीं कोठी दिली गेली. आपण बहुधा उलट करितों. मागें बसणाऱ्यांसाठीं पुढें बसणारे निर्णय घेतात.

म्हणून शास्त्रपाठ वाचणें, अर्पण गोळा करणें, प्रार्थना करणें, पंचांत बसणें, हीं कामें एकाच दोन घरांत राहूं नयेत. स्त्रियांविषयींही हेंच समजावें. करिंथ येथें स्त्रिया सभेंत प्रार्थना करीत व संदेश देत, हें पौल गृहीत धरून चालतो (१ करिंथ. ११:५), आणि शेजारच्या किंख्रियांतील फीबी मंडळीची सेविका होती (रोम. १६:१). ज्यास वाचतां येत नाहीं त्याला स्तोत्राचीं चार वचनें पाठ करवून घ्यावीं. तो तीं म्हणेल त्या रविवारीं त्याचें सबंध घर कान देऊन ऐकेल.

६. दोन आक्षेप

कोणी म्हणतील, आपण सर्व एकच आहों, मग जातीचें व गरिबीचें नांव कशाला काढावें? उत्तर असें कीं करिंथकरही आपणांस एकच समजत होते. पौलानें नांव घेऊन दुखणें दाखविलें म्हणून त्यावर उपाय झाला. झांकलेली जखम आंतून नासते.

दुसरे म्हणतील, एवढी घाई केली तर जुनीं कुटुंबें दुखावतील. हें भय खोटें नाहीं, इ. स. १८३३ चें उदाहरण वर दिलेंच आहे. म्हणून पाळकानें व उपदेशकानें आधीं त्या कुटुंबांच्या घरीं जावें, ओसरीवर बसून प्रेमानें बोलावें, प्रार्थना करावी. व्यासपीठावरून कोणास टोमणा मारूं नये. पण मागें बसलेला मनुष्यही दुखावतो, हें विसरूं नये. तो भांडत नाहीं; एक रविवार येत नाहीं, मग दुसरा येत नाहीं, आणि मग त्याचीं मुलें येत नाहींत. त्याच्या जाण्याचा आवाज होत नाहीं, म्हणून त्याची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं.

ह्या आठवड्यांत करावयाच्या गोष्टी

१. शनिवारीं रिकाम्या देवळांत सर्वांत मागें, दाराजवळ, बसून पाहावें. तेथून काय दिसतें व काय ऐकूं येतें?
२. उपदेशाचा पाठ अक्षरओळख नसलेल्या एका माणसास वाचून दाखवावा, आणि त्याला काय समजलें तें त्याच्याच तोंडून ऐकावें.
३. गीताची प्रत्येक ओळ आधीं सांगावी व मग सर्वांनीं गावी.
४. येत्या प्रभुभोजनाच्या वेळीं कोणतेंही घर ठराविक जागीं बसणार नाहीं अशी व्यवस्था पंचांनीं करावी.
५. जीं तीन माणसें महिनाभर आलीं नाहींत त्यांच्या घरीं जावें. कां आलां नाहीं असें न विचारितां, तुमच्यावांचून चुकल्यासारखें होतें, असें म्हणावें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. करिंथ येथें उशिरां येणारे कोण होते, आणि आपल्या मंडळींत ते कोण आहेत?
२. पेत्राचा उपदेश बरोबर असूनही पौलानें त्यास दोष कां दिला?
३. आपल्या उपासनेंतील कोणते पांच शब्द बहुतेकांस कळत नाहींत? ते आपल्या गांवच्या बोलींत कसे सांगाल?
४. मंडळींतील कामें कोणत्या घरांत वांटलेलीं आहेत व कोणत्या घरांत आजवर गेलीं नाहींत?

पौलानें समजतील असे पांच शब्द दहा हजार शब्दांहून अधिक मोलाचे मानिले (१४:१९). आमच्या खेड्यांतील मंडळ्या लहान आहेत, उत्पन्न थोडें आहे, पुष्कळ ठिकाणीं देऊळही नाहीं. तरी हे पांच शब्द बोलणें गरिबांतील गरीब मंडळीसही शक्य आहे. येत्या रविवारीं प्रार्थना संपल्यावर क्षणभर थांबा आणि दाराकडे कान द्या. तेथून आमेन आलें नाहीं, तर प्रार्थना अजून संपलेली नाहीं असें समजून पुढच्या आठवड्याच्या कामास लागा. प्रभु आपणां सर्वांस ह्या कामीं साहाय्य करो. आमेन.